विजेची मागणी आणि आपली मागणी

(रावेर येथे महिला गटांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो,

शिबिरात 'वीज' हा विषय ठेवलाय म्हटल्यावर सकाळीच दोघी-तिघींनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "ताई, दारूबंदीवर बोला, मारहाणीवर बोला, रेशनवर बोला. विजेचं आपल्याला काय कळतं? ते इंजिनिअर लोकांचं काम." मी त्यांना एवढंच विचारलं, "वीज गेली की घरात पहिली कुणाला कळते?" त्या हसल्या. गिरणीत डबा ठेवून परत यावं लागतं, नळाचं पाणी चढत नाही, लेकरू उकाड्याने रडतं, दहावीची पोर चिमणी लावून बसते. हे सगळं ज्यांना कळतं त्यांना विजेतलं काही कळत नाही, असं आपल्याला कुणी शिकवलं?

वीज कंपन्या आणि सरकार यांच्या योजना दर काही वर्षांनी जाहीर होतात. त्यांची सुरुवात एकाच वाक्याने होते: "विजेची मागणी झपाट्याने वाढत आहे, म्हणून नवी निर्मिती करावी लागेल." ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी अडीच लाख मेगावॅटपर्यंत गेली, हा तोवरचा उच्चांक होता. त्यामुळे मागणी वाढते आहे हे खोटं नाही. पण मागणी कुणाची, कशासाठी, आणि ती भागवताना कुणाचं काय जातं, हे त्या वाक्यात कुठेच नसतं. आज मला त्याबद्दल बोलायचं आहे.

आधी आपल्या दाराशी काय आहे ते पाहू. रावेरहून भुसावळला जाताना दीपनगरच्या चिमण्या दिसतात. १९६८ साली तिथला पहिला संच सुरू झाला, साठ-बासष्ट मेगावॅटचा. १९७९ आणि १९८२ साली २१० मेगावॅटचे दोन आले. २०१२ च्या सुमारास पाचशे-पाचशेचे दोन आले. त्यानंतर ६६० मेगावॅटच्या आणखी एका संचाचं काम २०१८ साली दिलं गेलं. प्रत्येक वेळी कारण तेच होतं, वाढती मागणी. पाणी हतनूरचं, म्हणजे आपल्या तापीचं. कोळसा रेल्वेने येतो. राख वेल्हाळ्याच्या तलावात जाते. उन्हाळ्यात वारा सुटला की ती राख कुणाच्या भांड्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पिकावर बसते, हे त्या बाजूच्या बायकांना विचारा.

एक साधा हिशेब सांगते. औष्णिक केंद्रात एक युनिट वीज तयार करायला साधारण पाऊण किलोच्या आत-बाहेर कोळसा लागतो आणि आपल्याकडच्या कोळशात तिसरा हिस्सा राखच असते. म्हणजे युनिटमागे पावशेर राख. बटण दाबलं की दिवा लागतो, पण ती राख आपल्या घरात पडत नाही म्हणून आपल्याला दिसत नाही. चुलीची राख आपण रोज भरतो, तिचा अंदाज आपल्याला बरोबर असतो. तसाच या राखेचा अंदाज ठेवायला शिकलं पाहिजे.

आता मागणी कशी वाढते ते बघा. त्यासाठी मुंबईला जायला नको, आपल्या केळीच्या मळ्यात चला.

माझ्या सासूबाई सांगायच्या, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा विहिरीवर मोट होती. मग इंजिन आलं, मग मोटर आली. विहिरी आटल्या तशा बोअर झाल्या आणि बोअर दरवर्षी खोल जात राहिल्या. यावल-रावेर हे भूजल जास्त उपसलेले तालुके, हे सरकारी कागदांतही आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा जो पट्टा आहे, तिथून पूर्वी पाऊस जमिनीत मुरायचा. आता मुरतं त्याहून जास्त आपण काढतो.

एकरी साडेसतराशेच्या आसपास केळीची झाडं असतात. ठिबकवर उन्हाळ्यात झाडाला दिवसाला पंधरा-वीस लिटर पाणी धरलं, तर एकराला तीस हजार लिटर झालं. हे पाणी साठ फुटांवरून काढायचं तर आपल्याकडच्या साधारण पंपाला चारेक युनिट वीज लागते. तेच पाणी तीनशे फुटांवर गेलं की एकोणीसेक युनिट लागतात. केळी तेवढीच, पाणी तेवढंच, घडही तेवढाच, पण वीज पाचपट. दीपनगरात कोळसा पाचपट जळणार, राख पाचपट उडणार. आणि कागदावर लिहिलं जाणार, "शेतीची मागणी वाढली."

मैत्रिणींनो, ही वाढलेली मागणी नाही, हे खाली गेलेलं पाणी आहे. त्यावर खरा उपाय सुकीच्या खोऱ्यात आणि नाल्यानाल्यांत पाणी मुरवणं हा असू शकतो. चांगला पंप, जाड वायर, डी.पी.वर कपॅसिटर हाही असू शकतो. पण वीजवाल्यांच्या तक्त्यात पाणी मुरवण्याला रकाना नाही. तिथे फक्त मेगावॅट असतात.

हा तक्ता किती चुकू शकतो ते महाराष्ट्राने एकदा चांगलंच भोगलं आहे. १९९३ साली वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी करार केला. तेव्हाही सांगितलं होतं की मागणी इतकी वाढणार आहे की हा प्रकल्प घेतला नाही तर राज्य अंधारात जाईल. जागतिक बँकेने त्याच वर्षी या प्रकल्पाला पैसे द्यायला नकार दिला होता, कारण तिच्या मते ही वीज महाग होती आणि एवढी वीज खपणारही नव्हती. करार एकदा मोडला, पुन्हा केला. १९९९ साली ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. वीज घेतली नाही तरी ठरलेले पैसे द्यायचेच, अशी अट. काही महिन्यांत युनिट सात रुपयांच्या वर पडलं. २००१ साली मंडळाने ती वीज घेणंच थांबवलं.

त्या प्रकल्पाला विरोध करणाऱ्या गुहागर भागातल्या गावांमध्ये वेलदूर हे मच्छिमारांचं गाव होतं. ३ जून १९९७ च्या पहाटे पोलीस तिथे घरांत शिरले. पुरुष बरेचसे समुद्रावर होते. बायकांना मारत बाहेर काढलं आणि सव्वीस बायकांना अटक केली. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी आणि ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ साली हे नोंदवून ठेवलं आहे. मागणीचा आलेख मुंबईत काढला गेला आणि लाठी वेलदूरच्या बायकांच्या पाठीवर पडली.

त्याच काळात आणखी एक गोष्ट उघडकीला आली. वीज मंडळ सांगायचं की आमची गळती पंधरा-अठरा टक्के आहे, बाकी सगळी वीज शेतकरी वापरतो. १९९९ साली राज्यात वीज नियामक आयोग आला, जाहीर सुनावण्या झाल्या, पुण्याच्या 'प्रयास'सारख्या गटांनी आकडे मागितले. तेव्हा गळती तीस टक्क्यांच्या वर आहे हे मान्य करावं लागलं. पंपांना मीटर नव्हते, म्हणून चोरी आणि गळती दोन्ही शेतकऱ्याच्या नावावर टाकलेली होती. ज्यांच्याकडे शंभरातले तीस कुठे जातात याचा पत्ता नाही, ते पुढच्या दहा वर्षांची मागणी कशी सांगणार?

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आपल्या चळवळीत "प्रकल्प नको" म्हणणं सोपं असतं. पण एन्रॉनचा फुगा फुटल्यावर राज्यात वर्षानुवर्षं ना नीट नियोजन झालं, ना गळती थांबली. २००५ नंतरचं लोडशेडिंग तुम्हाला आठवतंय ना? खेड्यांत दहा-दहा, बारा-बारा तास वीज नसायची. तेव्हा सगळ्यात जास्त कोण भरडलं गेलं? शहराच्या दुकानांत जनरेटर होते. आपल्याकडे पाटा-वरवंटा परत निघाला, हापशावर रांगा लागल्या, अंधारात परसाकडे जाताना पोरी एकमेकींचा हात धरून जायला लागल्या. जास्त वीज चुकीच्या किमतीला घेतली तरी आपण मरतो आणि कमी पडली तरी आपणच मरतो. म्हणून वीज हवी की नको हा आपला वाद नाही. नियोजन कोण करतं आणि त्यात कुणाची गरज आधी धरली जाते, हा आपला वाद आहे.

त्या वर्षांतली एक गोष्ट सांगते. शेतीला थ्री फेज वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री मिळायची. आमच्या गल्लीतली एक बाई, वय तीसच्या आत, पदरात दोन लेकरं. नवरा रात्री बारा वाजता मळ्यात गेला. स्टार्टरच्या पेटीजवळ चिखल झालेला होता. सकाळी तो घरी आला नाही म्हणून ही शोधायला गेली. मी तिच्याबरोबर होते. त्याचा हात पेटीलाच होता.

पुढचं ऐका. कचेरीत सांगितलं की दोष मीटरच्या पलीकडे, तुमच्याच वायरिंगमध्ये आहे, भरपाई बसत नाही. बरं, निदान पंपाची जोडणी माझ्या नावावर करा, म्हणजे बिलाचं बघता येईल, असं ती म्हणाली. तर जोडणी सासऱ्याच्या नावावर, सातबाराही सासऱ्याच्या नावावर, सासरा वारलेला आणि दीर सही देईना. तिने तीन वर्षं खेटे घातले. तोवर थकबाकी चढत गेली आणि जोडणी तोडली. ती आता दुसऱ्याच्या केळीत रोजाने जाते. रात्रीची वीज कुणी ठरवली, हा प्रश्न तिने मला एकदाच विचारला होता. "ताई, माणसं झोपतात तेव्हाच यांची वीज उरते का?" खरंच तसं आहे. इतरांना नको असते तेव्हाची वीज शेताला मिळते. दिवसाची वीज कुणाची आणि रात्रीची कुणाची, हासुद्धा नियोजनाचाच निर्णय असतो.

आता आपल्या मागणीकडे येऊ. १९८२ साली श्रीलता बाटलीवाला यांनी कर्नाटकातल्या खेड्यांमधल्या पाहणीच्या आकड्यांवर एक लेख लिहिला होता. घर आणि शेत चालवायला माणसांचे जे श्रम लागतात, ते कुणाचे किती? पुरुषांचे ३१ टक्के, मुलांचे १६ टक्के आणि बायकांचे ५३ टक्के. सरपण आणणं, पाणी आणणं, दळण, रांधणं, निंदणी ही सगळी ऊर्जाच आहे. फक्त तिचं बिल येत नाही, म्हणून ती कुठल्याच नियोजनात धरली जात नाही. आपल्या डोक्यावरचा हंडा उतरला तर विजेची मागणी "वाढली" असं लिहितात. तो डोक्यावर होता तोवर मात्र मागणी शून्य होती!

बंगलोरचे प्राध्यापक अमूल्य रेड्डी यांनी १९९० च्या सुमारास हाच विचार उलटा करून दाखवला. त्यांनी कर्नाटकच्या सरकारी अंदाजासमोर दुसरा अंदाज मांडला. लोकांना युनिट नको असतात, त्यांना उजेड हवा असतो, शिजलेलं अन्न हवं असतं, शेताला पाणी हवं असतं. ते कमीत कमी विजेत कसं देता येईल ते आधी बघा, सगळ्या घरांत दिवा धरा, मग उरलेल्यासाठी केंद्र बांधा. तसं केल्यावर सरकारी अंदाजाच्या निम्म्याहून कमी विजेत भागतं, असा त्यांचा हिशेब निघाला. तो पटायला आपल्याला इंजिनिअर व्हावं लागत नाही. साठ वॅटचा पिवळा बल्ब काढून नऊ वॅटचा एलईडी लावला, तेव्हा तुमच्या घरातला उजेड कमी झाला का? मग पन्नास वॅट जळत होते ते कशासाठी? कळण्याचं पीठ संपत आलं की आपण आधी डब्यात किती आहे ते बघतो, गळतं कुठे ते बघतो, मग दळण काढतो. एवढंच नियोजन आपण वीजवाल्यांकडे मागतो आहोत.

आणि गावं हे करू शकतात. २००५-०६ च्या सुमारास 'अक्षय प्रकाश योजना' आली होती. संध्याकाळी गावाने पंप चालवायचे नाहीत, आकडे काढायचे, त्या बदल्यात घरात दिवे मिळायचे. जिथे हे झालं तिथे नवं केंद्र न बांधता संध्याकाळचा अंधार गेला. संध्याकाळी दिवा हवा होता तो रांधणाऱ्या बाईला आणि शिकणाऱ्या पोरीला. म्हणजे ही आपलीच मागणी होती, फक्त योजनेवर आपलं नाव नव्हतं.

आता सौरऊर्जेची हवा आहे. कोळशापेक्षा ती बरी यात वाद नाही. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे आणि २०२३ पासून ती मोठ्या प्रमाणावर चालवली जाते. तिच्यामुळे रात्रीचं पाणी भरणं बंद होणार असेल तर मी तिचं स्वागत करते. मी आत्ता सांगितलेली बाई मला रोज दिसते.

पण सौर पॅनेलला जमीन लागते. ही जमीन कुठून येते? बऱ्याच ठिकाणी गायरानातून. गायरान कुणाच्या कामाचं? ज्या बाईकडे दोन शेळ्या आहेत आणि नावावर एक गुंठा नाही, तिच्या. गवत, शेण, काटक्या, पोरांची मोकळी जागा हे सगळं तिथे असतं. ग्रामसभेत ठराव होतो तेव्हा ती मजुरीला गेलेली असते. खान्देशाने जमिनीचा हा धडा जवळून पाहिला आहे. धुळे जिल्ह्यात दोंडाईचाच्या वीज प्रकल्पासाठी जमिनी घेतल्या गेल्या. विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील मोबदल्यासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत राहिले. २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मंत्रालयात विष घेतलं आणि २८ तारखेला ते गेले. सातबारा नावावर असलेल्या माणसाची ही गत होते, तर गायरानावर जगणारीला कोण विचारणार? तिच्याकडे तर मोबदला मागायलाही कागद नाही.

कागदाचा मुद्दा आलाच आहे म्हणून सांगते. २०२४ साली सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली. सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांना लाभ, असं म्हटलं गेलं. चांगलं आहे. पण ज्याच्या नावावर पंप त्याला लाभ. त्याच मळ्यात रोजाने राबणाऱ्या बाईच्या झोपडीत एक दिवा, एक पंखा. तिचं बिल मोफत नाही. एक युनिट जाळलं नाही तरी स्थिर आकार भरावाच लागतो. शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली होती, बायकांच्या नावावर जमीन करा म्हणून. ते काम अर्धवटच राहिलं. जमीन आपल्या नावावर नाही, म्हणून पाणी नाही, म्हणून पंप नाही, म्हणून विजेच्या हिशेबात आपण नाही. ही साखळी जिथून सुरू होते तिथून तोडावी लागेल.

मग करायचं काय? मोठमोठे ठराव करून घरी जाऊ नका. चार कामं सांगते.

पहिलं, घरातल्या वीज जोडणीवर आणि सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे ते या आठवड्यात बघा. घरातला पुरुष जिवंत आणि राजीखुशी आहे तेव्हाच आपलं नाव लावून घ्या. तो गेल्यावर दीर सही देत नाही, हे आत्ताच ऐकलंत.

दुसरं, गावातल्या डी.पी.ची वही ठेवा. कधी जळाली, तक्रार कधी दिली, कधी बदलली. ग्रामीण भागात जळालेलं रोहित्र ४८ तासांत बदलायचं, असं आयोगाच्या नियमात आलेलं आहे. तक्रार तोंडी सांगू नका. लेखी द्या, पोच घ्या. वायरमनशी भांडू नका, तोही उन्हात खांबावर चढणारा कामगारच आहे.

तिसरं, ग्रामसभेत गायरानाचा विषय येणार असेल तर त्या दिवशी मजुरी बुडाली तरी चालेल, पण जा. किती जमीन जाणार, चराईला किती उरणार, गावाला काय मिळणार, हे ठरावात लिहून घ्या. पॅनेलसाठी गावात दुसरी पडीक जमीन आहे का, तेही विचारा.

चौथं, २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे दरवाढीचा प्रस्ताव आला की तो वर्तमानपत्रात जाहीर करावा लागतो आणि लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. हरकत मराठीत, साध्या कागदावर लिहिता येते. आजवर तिथे कारखानदारांच्या संघटना जातात, ग्राहक संघटना जातात. खान्देशातल्या बायकांची म्हणून एक हरकत गेली पाहिजे. त्यात आपण लिहू: शेताला दिवसा वीज द्या. गावठाणाला संध्याकाळी अखंड वीज द्या. पाणीपुरवठ्याचा पंप आणि दवाखाना यांची वीज सगळ्यात शेवटी तोडा. नवं केंद्र मागण्याआधी गळतीचा आकडा सांगा आणि पाणी मुरवून किती वीज वाचेल त्याचा हिशेब द्या.

सकाळी ज्यांनी मला बाजूला घेतलं होतं, त्यातल्या एका मावशींनी जेवताना मला सांगितलं, त्यांच्या गावात डी.पी. जळून नऊ दिवस झालेत आणि पाणी टँकरने येतं आहे. त्या म्हणाल्या, "पण त्याचं काय सांगायचं?" मावशी, तेच सांगायचं. दुपारच्या सत्रात आपण सगळ्या बसून तो अर्ज लिहू. कागद मी आणलाय. सह्या आणि अंगठे तुमचे हवेत.